तोब्रुकची शेवटची पलटण आणि तिच्या शेजारची आपली

आज २२ जून. १९४२ साली या तारखेला सोमवार होता. लिबियातल्या तोब्रुक बंदराने आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, रोमेलपुढे हत्यारं टाकली होती. सुमारे ३३ हजार माणसं एका फटक्यात कैद झाली. पण तटबंदीच्या एका बाजूला गोळीबार काही थांबला नव्हता. तिथे स्कॉटलंडची एक पलटण बसली होती, सेकंड कॅमेरन हायलँडर्स. शरणागतीचा हुकूम झाला तरी ते लढत राहिले. 'आता थांबला नाहीत तर एकालाही शिल्लक ठेवणार नाही' असा जर्मनांचा निरोप गेला, तेव्हा कुठे २२ तारखेला ते बाहेर आले. आणि आले ते, असं सांगतात, रांगेत, पुढे पाइप वाजवत. आधीच कैद झालेले हजारो सैनिक कुंपणाआड वाळूत बसले होते, ते यांना बघून उठून उभे राहिले म्हणे. पाइपचा भाग किती खरा आणि किती नंतर रंगलेला, यात मी पडत नाही. एक दिवस जास्त टिकले हे मात्र पक्कं आहे.

ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला एकच प्रश्न पडला होता. कॅमेरनच्या डाव्या हाताला कोण होतं?

उत्तर माझ्या घरातच, एका पत्र्याच्या ट्रंकेत होतं.

आमचं गाव कोरेगाव तालुक्यातलं. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ, ज्यांना सगळे बापू म्हणायचे, ते मराठा पलटणीत होते. ट्रंकेत त्यांचा सहा टोकांचा एक तारा होता, आफ्रिका स्टार. फिकट वाळूच्या रंगाची फीत, मधोमध लाल पट्टा, एका बाजूला गडद निळी आणि दुसऱ्या बाजूला आकाशी रेघ. ताऱ्याच्या मागे बापूंचा नंबर, नाव आणि रेजिमेंट कोरलेली. पुढे एका जाणकाराने सांगितलं, की दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांना जे तारे मिळाले ते कोरे होते. सरकारने त्यांच्यावर नावं घातलीच नाहीत. हिंदी सैनिकांच्या ताऱ्यांवर मात्र नावं घातली. म्हणजे स्कॉटलंडमधल्या एखाद्या घरात तोच तारा आहे, पण कोणाचा ते ताऱ्यावरून कळत नाही.

बापू १९४५ ला परत आले. त्यानंतर चाळीसेक वर्षं जगले आणि युद्धाबद्दल एकूण पाच-सहा वाक्यं बोलले असतील. त्यातलं एक 'घागरेवाल्यां'बद्दल. हायलँडर सैनिकांना आपल्याकडे जुन्या काळापासून घागरा पलटण म्हणतात, त्यांच्या त्या चौकडीच्या किल्टमुळे. बापू म्हणायचे, "घागरेवाले आमच्या बाजूला होते. सकाळी त्यांचं ते वाजायचं. सनईसारखं, पण रडकं." लहानपणी मला वाटायचं, म्हातारा काहीतरी सांगतोय.

म्हातारा बरोबर सांगत होता. ते कसं, ते आज लिहितोय. थोडं लांबणार आहे, सवडीने वाचा.

आधी कॅमेरन कोण ते. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात १७९३ साली अॅलन कॅमेरन नावाच्या सरदाराने फोर्ट विल्यमला ही रेजिमेंट उभी केली. तेव्हा ती ७९ वी. पुढे व्हिक्टोरिया राणीच्या काळात 'क्वीन्स ओन' हा किताब मिळाला आणि १८९७ साली दुसरी बटालियन निघाली. आपली गोष्ट त्या दुसरीची. किल्ट नेसून लढाईत जायला १९३९ सालीच मनाई झाली होती, पण यांच्या पहिल्या बटालियनने फ्रान्समध्ये १९४० पर्यंत तो हट्टाने नेसला. त्यांच्या एकंदर स्वभावाचा अंदाज यावरून यावा.

आता स्कॉटलंडची पलटण मराठ्यांशेजारी आली कशी? १८५७ नंतर इंग्रजांनी एक खूणगाठ बांधली होती. हिंदी सैन्याच्या ब्रिगेडमध्ये साधारणपणे तीन पलटणी, त्यातली एक गोरी. भरवसा नको म्हणून सुरू झालेली ही पद्धत. पण लढाईत तिचा एक वेगळाच परिणाम झाला. स्कॉटिश कोळसा खाणीतला नाहीतर मेंढपाळाचा पोरगा आणि राजस्थानातला, सातारा-रत्नागिरीतला शेतकऱ्याचा पोरगा एकाच ब्रिगेडियरच्या हाताखाली, एकाच डोंगरावर, एकाच टाकीचं पाणी मोजून पीत होते. पगार आणि पेन्शन सारखं नव्हतं, हेही इथेच लिहून ठेवतो.

कॅमेरनची ब्रिगेड म्हणजे अकरावी हिंदी ब्रिगेड, चौथ्या हिंदी डिव्हिजनमधली. सुरुवातीला तिच्यात कॅमेरनबरोबर राजपुताना रायफल्स आणि राजपूत रेजिमेंटची एकेक पलटण होती. पहिली मोठी लढाई इजिप्तच्या वाळवंटात, ९ डिसेंबर १९४० ला. इटालियनांनी निबेवाला तळ ठोकला होता. रात्रभर राजपुतांनी पूर्वेकडून गोळीबार करून त्यांचं लक्ष तिकडे ठेवलं आणि पहाटे मटिल्डा रणगाडे पाठीमागच्या बाजूने आत घुसले. त्यांच्या मागोमाग लॉऱ्यांतून कॅमेरन आणि राजपुताना रायफल्स. इटालियन जनरल मालेत्ती तिथेच पडला. सकाळच्या काही तासांत तळ हातात आला, दोन हजारांवर कैदी मिळाले. पेपरांत मोठमोठे मथळे झाले असतील. पण सैनिकांच्या दृष्टीने ही सोपी लढाई, म्हणून इथे फार थांबत नाही. थोड्याच दिवसांत डिव्हिजनला सुदानकडे हलवलं आणि तिथून ती इरिट्रियात शिरली.

आणि मग केरेन.

ज्यांनी सह्याद्रीतला एखादा अवघड घाट उन्हाळ्यात दुपारी चढलाय, त्यांना केरेन समजायला सोपं जाईल. खालचं सपाट मैदान संपतं आणि समोर डोंगरांची भिंत उभी राहते. त्या भिंतीला एकच फट, डोंगोलास खिंड. त्यातूनच रस्ता, त्याच्या बाजूने रेल्वे. खिंड ओलांडली की केरेन गाव, पुढे अस्मारा, त्यापुढे उतार आणि तांबड्या समुद्रावरचं मसावा बंदर. खिंडीच्या दोन्ही अंगांना इटालियन शिखरांवर बसलेले. डाव्या हाताला सांचिल, उजव्या हाताला डोलोगोरोडॉकचा किल्ला. खिंडीत दगड-मातीचा ढीग पाडून रस्ता बंद केलेला. वरून बघणाऱ्याला खाली हललेलं कुत्रंही दिसावं अशी जागा.

इटालियन म्हणजे भित्रे, हा आपल्याकडेही ऐकू येणारा विनोद केरेनला लागू पडत नाही. सॅव्हॉय ग्रेनेडियर, अल्पिनी, बेर्साल्येरी आणि मोठ्या संख्येने इरिट्रियन अस्करी तिथे होते आणि जीव खाऊन लढले.

अकरावी ब्रिगेड २ फेब्रुवारी १९४१ ला खिंडीच्या तोंडाशी पोचली. दुसऱ्या दिवशी कॅमेरन सांचिलच्या खालच्या अंगाची एक धार चढून गेले आणि ती त्यांनी घेतली. ती धार म्हणजे कॅमेरन रिज. त्यांच्या पुढची शिखरं घ्यायचा प्रयत्न पंजाब पलटणीने केला, राजपुताना रायफल्सने केला. काही वेळा शिखर हाताला लागलं आणि उलट्या हल्ल्यात गेलं. धार मात्र सुटली नाही.

आता 'धार सुटली नाही' हे लिहायला तीन शब्द लागतात. ती पुढचे जवळजवळ आठ आठवडे आळीपाळीने धरून ठेवायची म्हणजे काय, हे जरा बघा. शत्रू तुमच्या डोक्यावर. खंदक खणता येत नाही, कारण खाली कातळ. म्हणून दगड रचून कंबरेएवढ्या भिंती करायच्या आणि दिवसभर त्यांच्या आड पडून राहायचं. तोफगोळा कातळावर फुटला की लोखंडाबरोबर दगडाच्या कपच्या उडतात, त्या वेगळ्या लागतात. पाणी, दारूगोळा, खाणं, सगळं माणसाच्या पाठीवरून वर. जखमी माणूस माणसाच्याच खांद्यावरून खाली. लढायला जेवढी माणसं लागायची, त्यांच्यासाठी ओझी वाहायला आणखी तितकीच लागतात की काय असं वाटावं, अशी अवस्था.

१५ मार्चला सकाळी सात वाजता शेवटचा मोठा हल्ला सुरू झाला. आणि इथे आपली माणसं गोष्टीत येतात. अकराव्या ब्रिगेडमध्ये आता मराठ्यांची दुसरी बटालियन, म्हणजे २/५ मराठा लाइट इन्फंट्री, दाखल झाली होती. 'काळी पाचवी' म्हणतात ती. बापूंची पलटण. कॅमेरनना दिलं सांचिल, राजपुताना रायफल्सना हॉग्ज बॅक, मराठ्यांना फ्लॅट टॉप. मराठ्यांनी फ्लॅट टॉप घेतलं. राजपुतानांनी हॉग्ज बॅक घेतलं. सांचिलच्या चढावर कॅमेरन कापले गेले आणि शिखर मिळालं नाही. त्याच रात्री खिंडीच्या पलीकडे मराठ्यांची तिसरी बटालियन डोलोगोरोडॉकच्या वाटेवरच्या टेकड्या चढत होती. पहाटे वेस्ट यॉर्कशायरची पलटण किल्ल्यात शिरली. शिखर न मिळताही लढाई फिरली ती तिथे.

त्यानंतरही दहा-बारा दिवस गेले. शेवटी सॅपर्स अँड मायनर्सच्या लोकांनी खिंडीतला अडथळा साफ केला, रणगाडे आत गेले आणि २७ मार्चला केरेन पडलं. ब्रिटिश-हिंदी बाजूचे ५३६ ठार, ३,२२९ जखमी. इटालियन बाजूची हानी याहून कितीतरी जास्त. ८ एप्रिलला मसावा बंदर आलं आणि तीनच दिवसांनी रूझवेल्टने तांबडा समुद्र युद्धक्षेत्रातून वगळल्याचं जाहीर केलं, म्हणजे अमेरिकन जहाजं थेट सुएझपर्यंत माल नेऊ शकणार होती. त्या धारेवर पडलेल्या माणसांनी हे करून ठेवलं.

केरेनला आज युद्धस्मशान आहे. कॅमेरनच्या पोरांना तिथे क्रॉस कोरलेले पांढरे दगड आहेत. हिंदू आणि शीख सैनिकांना अग्नी दिला, त्यामुळे त्यांचा दगड नाही. त्यांची नावं तिथल्याच दहन-स्मारकावर आहेत, २८५ नावं. बापू केरेनबद्दल एकच बोलले होते, "लाकडं मिळायची नाहीत." मी ते सैपाकासाठी म्हणून ऐकलं होतं. बऱ्याच वर्षांनी, या दहन-स्मारकाबद्दल वाचताना, ते कशाबद्दल बोलत असावेत हे लक्षात आलं.

पुढे जून १९४१. ब्रिगेड परत वाळवंटात. इजिप्त-लिबिया सरहद्दीवरची हाल्फाया खिंड. तिला सैनिक 'हेलफायर पास' म्हणायचे, नरकाग्नीची खिंड. १५ जूनला वरच्या पठारावरून मटिल्डा रणगाड्यांबरोबर कॅमेरन निघाले, खाली समुद्रकाठच्या बाजूने मराठे आणि राजपुताना रायफल्स. समोर जर्मनांनी ८८ मिलिमीटरच्या विमानविरोधी तोफा जमिनीत बसवून, नळ्या आडव्या करून ठेवलेल्या. बघता बघता वरचे बहुतेक रणगाडे पेटले. खालच्या बाजूचे सुरुंगांत अडकले. पायदळ उघड्यावर पडलं. खिंड धरून बसलेला जर्मन अधिकारी विल्हेल्म बाख हा मूळचा पाद्री होता, प्रवचन देणारा. युद्धात असल्या गोष्टी असतात. सहाच महिन्यांपूर्वी निबेवाला ज्या रणगाड्यांच्या मागे धावत कॅमेरन जिंकले होते, तेच रणगाडे आता त्यांच्यासमोर जळत होते.

आणि मग १९४२, तोब्रुक.

तोब्रुकचं नाव आधीच गाजलेलं होतं. १९४१ मध्ये ते आठ महिने वेढ्यात राहून टिकलं होतं. लोकांना वाटलं, पुन्हा टिकेल. पण हे ते तोब्रुक नव्हतं. गझालाच्या लढाईत आठवं सैन्य मोडून मागे पळत होतं. इथली सुरुंगपेरणी उपटून गझालाच्या आघाडीसाठी नेलेली. रणगाडे अडवायचा खंदक जागोजागी वाळूने भरत आलेला. तटबंदीचा घेर पन्नासेक किलोमीटरचा. दक्षिण आफ्रिकेचा जनरल क्लॉपर सेनापती, त्याच्या हाताखाली त्याची स्वतःची डिव्हिजन, गार्ड्सची एक ब्रिगेड, रणगाड्यांची एक ब्रिगेड आणि आपली अकरावी. तिचा ब्रिगेडियर अँडरसन हा स्वतः कॅमेरनचाच.

अकराव्या ब्रिगेडकडे आग्नेयेची बाजू. पश्चिमेकडून मोजलं तर आधी कॅमेरन, मध्ये मराठे, पलीकडे २/७ गुरखा. बापूंचं 'घागरेवाले बाजूला' म्हणजे हे.

रोमेलने हल्ल्यासाठी जागा निवडली ती बरोबर मराठ्यांची. ५८ ते ६३ नंबरच्या चौक्यांमधला पट्टा.

२० जून, शनिवार. पहाटे साडेपाचच्या आधीच स्टुका आल्या. एक लाट गेली की दुसरी. बाँब टाकायचे, जवळच्या धावपट्टीवर उतरायचं, पुन्हा भरून यायचं. त्यामागून तोफखाना, त्यामागून जर्मन पायदळ आणि सुरुंग काढणारे, आणि त्यांच्या पाठीशी पंधरावी आणि एकविसावी पँझर डिव्हिजन. हे सगळं एका पलटणीच्या अंगावर. पावणेआठपर्यंत दहाएक चौक्या गेल्या होत्या. मराठ्यांनी उलटा हल्ला करून भगदाड बुजवायचा प्रयत्न केला, जमलं नाही. आपले रणगाडे वेळेत पोचले नाहीत. साडेआठच्या सुमारास जर्मन रणगाडे खंदक ओलांडून आत होते, आणि संध्याकाळी ते बंदरात होते. क्लॉपरचे संपर्क तुटलेले, मुख्यालय हलवावं लागलेलं. रविवारी सकाळी त्याने पांढरं निशाण वर केलं.

त्याच रविवारी चर्चिल वॉशिंग्टनला, व्हाइट हाउसमध्ये रूझवेल्टच्या खोलीत होता. तिथे त्याला चिठ्ठी दिली गेली. रोमेल फील्ड मार्शल झाला.

गुरखे रविवार संध्याकाळपर्यंत लढले. कॅमेरन, सुरुवातीला सांगितलं तसे, सोमवारपर्यंत.

आता माझं म्हणणं. युद्धाच्या ज्या काही पुस्तकांत मी तोब्रुकचं वाचलं, तिथे कॅमेरनच्या त्या जादा दिवसाला एक सुंदर परिच्छेद असतो. मराठ्यांच्या वाट्याला एक वाक्य येतं, 'मराठ्यांच्या आघाडीवर तटबंदी फुटली.' दोन्ही खरं आहे. पण शेजारी शेजारी ठेवलं की वाचणाऱ्याच्या मनात जे चित्र तयार होतं, ते खोटं आहे. तटबंदी मराठ्यांच्या आघाडीवर फुटली, कारण घण तिथे पडला. तो अर्धा मैल पश्चिमेला पडला असता तर कॅमेरनच्या आघाडीवर फुटली असती, आणि सोमवारपर्यंत कदाचित मराठे टिकले असते. कॅमेरनचा मान यात तसूभरही कमी होत नाही. हुकूम आल्यावर हत्यार टाकणं कोणालाही शक्य होतं, त्यांनी टाकलं नाही. मला एवढंच म्हणायचंय, की कॅमेरनना आठवायचं तर एकट्याने आठवता येत नाही. त्यांची गोष्ट ही एका ब्रिगेडची गोष्ट आहे, आणि तिचा मधला तुकडा मराठीत आहे.

तो मराठीत कुठेच नाही, हा भाग वेगळा.

का नाही, याचाही विचार मी केलाय. कैदेत गोऱ्यांना आणि हिंदींना वेगवेगळं ठेवलं. आपले लोक बरेचसे इटलीत गेले, १९४३ मध्ये इटली फुटल्यावर काही डोंगरांत पळाले, बाकीचे जर्मनीला नेले गेले. लंडनच्या इंडियन कम्फर्ट्स फंडाकडून त्यांना आटा-डाळ-मसाल्याची पार्सलं जायची. त्याच हिंदी कैद्यांमधून सुभाषबाबूंनी जर्मनीत आझाद हिंदची फौज उभी करायला घेतली. काही गेले, पुष्कळ गेले नाहीत. बापू गेले नाहीत. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि घरात कोणी विचारायचं धाडसही केलं नाही.

इकडे गावाकडे काय? तोब्रुक पडल्यानंतर सात आठवड्यांनी, ८ ऑगस्टला, मुंबईत गवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव झाला. पुढच्या वर्षी साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. ज्या जिल्ह्यातून पोरं पलटणीत गेली, त्याच जिल्ह्यात इंग्रजांचं राज्य मोडून काढायला पोरं भूमिगत झाली. कधी एकाच गल्लीतली, कधी एकाच घरातली. बापू १९४५ ला परत आले तेव्हा गावात ज्यांच्या मिरवणुका निघत होत्या ते दुसरे होते, आणि ते योग्यच होतं. इंग्रजांच्या बाजूने लढून, हरून, तीन वर्षं कैदेत काढून आलेल्या माणसाला कोण काय विचारणार? आणि तो तरी काय सांगणार? त्याने नोकरी केली होती, पोटासाठी. मुलखाची मुलखात ती परंपराही होती. त्याने आपल्या शेजारच्याला सोडलं नव्हतं. यासाठी आपल्याकडे शब्दच तयार नव्हता. 'शहीद' बसत नाही, 'गद्दार' तर मुळीच नाही.

स्कॉटलंडला ही अडचण नव्हती. युद्ध त्यांचं होतं, राजा त्यांचा होता. तोब्रुकला बटालियन गेल्यावर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांनी चौथ्या कॅमेरन बटालियनला दुसरीचा नंबर दिला आणि नाव जिवंत ठेवलं. ही नवी दुसरी पुन्हा अकराव्या हिंदी ब्रिगेडमध्येच आली आणि १९४४ ला माँटे कसिनोच्या डोंगराखाली उभी राहिली. शेजारी पुन्हा २/७ गुरखा, तेही नव्याने उभे केलेले. मराठ्यांची जागा मात्र दुसऱ्या पलटणीने घेतली होती.

आज तीही रेजिमेंट नावाने उरलेली नाही. १९६१ मध्ये सीफोर्थमध्ये मिसळली, १९९४ मध्ये गॉर्डनबरोबर, २००६ मध्ये सगळ्या स्कॉटिश पलटणींची मिळून एकच रेजिमेंट झाली. पण इन्व्हर्नेसजवळ फोर्ट जॉर्जला त्यांचं संग्रहालय आहे. इन्व्हर्नेसला स्टेशनबाहेरच्या चौकात कॅमेरन सैनिकाचा पुतळा आहे, तो आधीच्या इजिप्त-सुदानच्या लढायांचा, पण लोक रोज त्याच्यापाशी एकमेकांची वाट बघत उभे असतात. मला तो प्रकार फार आवडला. स्मारक असावं तर असं, ज्याच्याखाली माणूस बसची वाट बघतो.

आपल्याकडे अगदीच काही नाही असंही नाही. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, 'केरेन' हा युद्धसन्मान त्यांच्याकडेही आहे आणि कॅमेरनकडेही होता. त्यांच्या बँडमध्ये आजही पाइप वाजतात, बापूंच्या भाषेत रडकी सनई. केरेनला लढलेल्या त्या तिसऱ्या मराठा बटालियनचे यशवंत घाडगे, माणगावजवळच्या पळसगावचे, १० जुलै १९४४ ला इटलीत पडले. व्हिक्टोरिया क्रॉस. माणगावात त्यांचा पुतळा आहे, इटलीत मोंतोनेला २०२३ मध्ये स्मारक झालं. चांगलं झालं. पण व्हिक्टोरिया क्रॉसवाल्याला जग आठवतं. फुटलेल्या आघाडीवर पकडला गेलेल्याला कोण आठवणार?

गावोगावच्या पाट्यांचं बघा. पहिल्या महायुद्धाला या गावातून इतकी माणसं गेली, इतकी मेली, अशी संगमरवरी पाटी आपल्या भागात पुष्कळ गावांत चावडीला नाहीतर शाळेच्या भिंतीला आहे. अपशिंगे मिलिटरीचं तर सगळ्यांना माहीतच आहे, एका गावचे ४६. दुसऱ्या महायुद्धाची अशी पाटी मी अगदी क्वचित पाहिली. आणि आहेत त्यांचं काय चाललंय? मागच्या महिन्यात एका गावी गेलो होतो. शाळेची रंगरंगोटी झालेली, आणि पाटीवरून ऑइलपेंटचा हात मारलेला. अक्षरं बोटाने चाचपून वाचावी लागली. कोणाचा वाईट हेतू नव्हता. रंगवणाऱ्याला सांगणारं कोणी नव्हतं, इतकंच.

तर एक काम आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची वेबसाइट फुकट आहे. त्यावर आडनाव घालून शोधता येतं. स्पेलिंग चमत्कारिक असतात, शिंदेचे चार-पाच प्रकार करून बघावे लागतात, गावाचं नावही इंग्रज कारकुनाने ऐकलं तसं लिहिलेलं असतं. रेजिमेंट, देश आणि स्मशानाच्या नावावरून गाळत जायचं. पुष्कळ नोंदींमध्ये वडलांचं नाव आणि गाव दिलेलं आहे. वाळवंटात मेलेल्यांचं थडगं नसेल तर नाव अलामीनच्या स्मारकावर असतं. तिथलं दहन-स्मारक वेगळं, त्यावर सहाशेवर नावं आहेत. जे बापूंसारखे जिवंत परत आले, त्यांची नोंद तिथे नसणार. त्यांच्यासाठी घरातल्या ट्रंका उघडाव्या लागतील. तारा मिळाला तर उलटा करून बघा. घासून चकचकीत करू नका, मागची अक्षरं झिजतात.

मी आमच्या तालुक्यापुरती यादी करायला घेतली आहे. गावातल्या चार जुन्या माणसांना विचारून झालं. त्यातल्या एका आजींनी, नव्वदीच्या पुढच्या, बापूंबद्दल मला माहीत नसलेली एक गोष्ट सांगितली. परत आल्यावर पहिलं वर्षभर ते पहाटे उठून गावाबाहेर माळावर जाऊन उभे राहायचे. लोक म्हणायचे, कैदेत डोकं फिरलं. आजी म्हणाल्या, "एकदा मी शेण गोळा करायला गेले होते, तर मला म्हणाले, ऐक, आता वाजंल."